टीव्ही फुकट कधी होता?

नेटफ्लिक्स-प्राइमला पैसे मोजावेत का, यावर सध्या आमच्या नातेवाइकांत जोरात वाद चालू आहे. ज्येष्ठ मंडळींचं पालुपद एकच, "आमच्या वेळी टीव्ही फुकट होता." काका लोकहो, माफ करा, पण नव्हता!

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा घरात टीव्ही ठेवायला परवाना लागायचा. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०. हे पैसे पोस्टात जाऊन भरायचे आणि परवान्याच्या पुस्तकात नोंद करून घ्यायची. पुस्तक तपासायला निरीक्षक घरी येऊ शकत असे. म्हणजे वर्गणी होतीच, फक्त कार्यक्रम निवडायची सोय नव्हती. आणि गंमत पाहा, १९७६पासून दूरदर्शनवर जाहिरातीही सुरू झाल्या, तरी परवाना पुढची काही वर्षं चालूच राहिला. पैसे भरा आणि वर जाहिराती बघा!

१९८०च्या दशकाच्या मध्यावर परवाना गेला. त्याच सुमारास, १९८४ला, 'हम लोग' आली, प्रायोजकाच्या पैशावर चालणारी मालिका. यालाच आपण फुकट म्हणत आलो. पैसे आपलेच जात होते, फक्त पोस्टाऐवजी वाण्याच्या दुकानात.

मला विचाराल तर खरा हिशेबी काळ भाड्याच्या व्हीसीआरचा. वर्गणी काढायची, एका रात्रीसाठी यंत्र आणि तीन-चार कॅसेटी आणायच्या, शेजारपाजारचे सगळे सतरंजीवर. तिसऱ्या सिनेमाला निम्मे लोक घोरत असायचे, पण भाडं वसूल झालंच पाहिजे म्हणून कोणी उठत नसे. मग १९९१च्या आखाती युद्धानंतर केबल फोफावली आणि दर महिन्याला केबलवाला दारात उभा राहू लागला. कोणी काय पाहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. असो.

नेटफ्लिक्स जानेवारी २०१६मध्ये भारतात आलं ते महिना ५०० रुपयांपासून. एवढे पैसे इथे फार जण देईनात, तेव्हा २०१९मध्ये फक्त मोबाइलपुरती १९९ची योजना निघाली, डिसेंबर २०२१मध्ये ती १४९ झाली. जून २०२५पासून प्राइम व्हिडिओने वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली; नको असतील तर वेगळे पैसे. आहे ना ओळखीचं?

तरीही यात एक सोय आहे, जी परवान्यात नव्हती. महिन्याचे पैसे भरून पुढच्या महिन्यात थांबता येतं. आणि पकडून ठेवण्यासारखं तरी काय आहे? हक्कांची मुदत संपली की आवडता सिनेमा यादीतून एका रात्रीत गायब होतो. म्हणून वर्षभराच्या सवलतीला मी भुलत नाही. पाहायच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावते, पाच-सहा साठल्या की एका ठिकाणचा एक महिना घेते आणि तेवढ्यात संपवते. व्हीसीआरसारखंच, फक्त जागरण नाही. सध्या यादीत तीनच नावं आहेत, त्यामुळे या महिन्यात बंद.