साप म्हणू नये धाकला

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, ऑफिसचा लॅपटॉप बंद, हातात चहा. एवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गावाहून फोटो आला. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. चुलतभावाने लिहिलं होतं, "दादा, विटांच्या ढिगात अजगराचं पिल्लू सापडलं!" पाठोपाठ काकांचा निर्वाळा: "काही करत नाही ते. उचल अन् सोडून दे बांधावर."

फोटोत तपकिरी रंगाचा, पाठीवर गोल ठिपक्यांच्या रांगा असलेला जाडसर साप एका विटेला लागून जवळपास सरळ पसरला होता. विटेपेक्षा अगदी थोडाच लांब. मी सापांमधला तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पण वीट नऊ इंची असते हे सिव्हिलवाल्या रूममेटमुळे माहीत होतं. म्हणजे साप साधारण दहा इंचांचा. अजगराचं पिल्लू केवढं असतं हे बघायला मी गूगल उघडलं, आणि ग्रुपवर मोठ्या अक्षरांत टाकलं, "हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा."

आता गंमत बघा. सापांच्या पिल्लांची लांबी शोधायला गेलो तर पानंच्या पानं भरून अमेरिकेतले किंगस्नेक! (किंगस्नेक म्हणजे आपला नागराज नव्हे. हे बिनविषारी साप, इतर सापांना खाणारे, रॅटलस्नेकलासुद्धा.) तिकडे लोक ते हौसेने पाळतात, घरात अंडी उबवतात आणि पिल्लू बाहेर आलं की पट्टी लावतात. कॅलिफोर्नियाच्या किंगस्नेकचं पिल्लू साधारण आठ ते तेरा इंच, त्याच्याच गोतावळ्यातल्या मिल्कस्नेकची काही पिल्लं त्याहून बारकी, असा सगळा हिशोब तयार.

आपल्याकडे असं घरोघरी साप पाळणं नाही, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते योग्यही नाही. मग आपल्या सापांची मापं कुणी घेतली? या एका प्रश्नात माझा सगळा वीकेंड गेला.

सुरुवात पॅट्रिक रसेलपासून. हा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा त्याचा चित्रांसकट ग्रंथ १७९६ साली छापला गेला. घोणशीच्या इंग्रजी नावात आजही तोच बसलाय. पुढे जोसेफ फेरर नावाच्या डॉक्टरने हिंदुस्थानातल्या बऱ्याच प्रांतांमधून सर्पदंशाचे आकडे मागवले. १८६९ या एका वर्षात ११,४१६ मृत्यू! १८७२ साली त्याचं विषारी सापांवरचं भलंमोठं पुस्तक आलं, चित्रं कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढलेली. सरकारने यावर काढलेला एक उपाय म्हणजे साप मारून आणेल त्याला बक्षीस. साप कुठला, विषारी की बिनविषारी, हे ओळखणार कोण?

इथे फ्रँक वॉल येतो. जन्म १८६८, सिलोनचा. हाही लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये १९०५ ते १९१९ या काळात त्याने भारतातल्या नेहमीच्या सापांवर एक लांबलचक लेखमाला लिहिली. आपण टेस्टिंगच्या शीटमध्ये जशा एकेक ओळी भरतो तशी त्याची पद्धत. मादीची लांबी इतकी, पोटात अंडी इतकी, तारीख अमुक, पिल्लू बाहेर आलं तेव्हा इतके इंच. यातले पुष्कळसे साप कुणीतरी आधीच मारलेले असायचे. तो त्यांची पोटं उघडून मोजायचा. म्हणजे अमेरिकेतल्या हौशी माणसाने काचेच्या पेटीत जे शोधलं, ते आपल्याकडे मेलेल्या आयांच्या पोटातून कळलं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ लॅपटॉप बाजूला ठेवला.

असो. आता आमच्या जिल्ह्यातल्या मंडळींकडे वळू. पुढची मापं वॉलपासून आजवरच्या निरीक्षणांतून आलेली आहेत, आणि सोयीसाठी इंचांतच देतो.

फुरसं सगळ्यात चिमुकलं, साडेचार ते सहा इंच. ते अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं, एका वेळी तीन ते पंधरा. घोणसही पिल्लंच देते, पण एकदम वीस ते चाळीस, प्रत्येक साधारण साडेआठ ते सव्वादहा इंचांचं. नाग बारा ते तीस अंडी घालतो आणि त्याचं पिल्लू आठ ते बारा इंच भरतं, पहिल्या दिवसापासून फणा आणि विष दोन्ही घेऊन. मण्यारीचं पिल्लू साधारण दहा-अकरा इंच. बिनविषारी धामण सहा ते पंधराच अंडी घालते, पण पिल्लू चांगलं फुटाच्या वर. आणि अजगर? मेळघाटाला लागून असलेल्या आमच्या अंबाबरव्यासारख्या जंगलात राहणारा हा प्राणी. त्याची मादी अंड्यांना वेटोळं घालून, अंग थरथरवून ऊब देते. तिचं पिल्लू जन्मतःच दीड ते दोन फूट!

म्हणजे दहा इंची अजगर असूच शकत नाही. आमच्या धंद्यात याला व्हॅलिडेशन म्हणतात. किमान मर्यादेपेक्षा कमी आकडा आला की एंट्री रिजेक्ट. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कंटाळा न करता मोजलं, म्हणून मला विटेच्या शेजारचा साप दोन मिनिटांत 'अजगर नाही' एवढं तरी सांगता आलं.

पण हा नियम नाकारायला चालतो, साप ओळखायला नाही. मण्यार आणि कवड्या घ्या. कवड्या बिनविषारी, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीचं पिल्लू आणि मध्यम वयाचा कवड्या पट्टीवर एकाच आकड्यावर येऊ शकतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे थोडे मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत दिसतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते. पण खवले मोजण्याइतकं जवळ जाणं हाच मूर्खपणा! फोटो दुरून काढायचा, बाकी सर्पमित्रावर सोडायचं.

दुपारी मेहकरहून सर्पमित्र आले. काठीने हळूच बरणीत घेतलं आणि सांगितलं, घोणस आहे, नुकतीच जन्मलेली. आसपास अजून असतील, ढीग हातांनी उपसू नका. भावाने नंतर फोनवर कबूल केलं की माझा मेसेज आला तेव्हा तो डाव्या हाताने वीट सरकवून उजवा हात पुढे करत होता. "एवढुसं तर होतं रे दादा."

हे 'एवढुसं'च महागात पडतं. मृग बरसला की आमच्याकडे पेरणी आणि मागोमाग निंदण. नाग, धामणीची अंडी फुटायचा, घोणशीची पिल्लं निघायचा हंगामही हाच. ज्या दिवसांत बायाबापड्यांचे हात मातीत असतात, त्याच दिवसांत ही पिल्लंही तिथे असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं गेली. फेररच्या वहीतला आकडा दीडशे वर्षांत संपलेला नाही. पिल्लाचं विष मात्रेने कमी असेल, पण असतं नक्की. त्यामुळे चावलं तर बारकं म्हणून घरी बसायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष हाच उपाय.

संध्याकाळी आजीला फोन केला. तिच्यासाठी घोणस म्हणजे परड. मी उत्साहाने रसेल, वॉल, इंच सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तं आमी आधीपासून म्हंतो. साप म्हनू नये धाकला, नवरा म्हनू नये आपला." मागून आजोबांचं खाकरणं ऐकू आलं :)

पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे. भावासाठी जाड चामड्याचे हातमोजे आणि एक चांगली बॅटरी घेऊन ठेवली आहे. विटांचा तो ढीग अजून तिथेच आहे म्हणे.