लॅक्स्टनची खुली शेते आणि कोर्ट लीट : एका इंग्लिश मॅनॉरचा स्थानिक इतिहास

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासकाला एन्क्लोजर ही संज्ञा नवीन नाही. 1604 ते 1914 या कालखंडात पार्लमेंटने 5,200 हून अधिक एन्क्लोजर कायदे संमत केले. सुमारे 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या भागाहून किंचित अधिक जमीन त्यांच्या कक्षेत आली. सामायिक नियमांनी कसली जाणारी खुली शेते मोडून त्या जागी कुंपणांनी वेढलेली स्वतंत्र शेते उभी राहिली. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे गाव या प्रक्रियेतून अंशतः वाचले. त्यामुळे त्याचे वर्णन ‘मध्ययुगाचा जिवंत अवशेष’ असे केले जाते. हे वर्णन आकर्षक असले तरी तपासून पाहण्याजोगे आहे. कारण येथील शेतीचे मध्ययुगीन रूप बहुतांशी बदलले असून तिचे नियमन करणारी संस्था तेवढी टिकून आहे.

1635 चा नकाशा

1086 च्या डूम्सडे नोंदीत लॅक्स्टनचा उल्लेख आहे. गावाच्या उत्तरेस नॉर्मन काळातील किल्ल्याची मातीची टेकडी अद्याप उभी आहे. मात्र या मॅनॉरचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे मार्क पिअर्स याने 1635 मध्ये तयार केलेला नकाशा होय. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्यात प्रत्येक शेताचे फर्लांग आणि त्यांतील जमिनीचे अरुंद पट्टे दाखविलेले असून नांगरणी व कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत. सोबतच्या नोंदवहीमुळे कोणता पट्टा कोणाकडे होता, हे कळते.

हा नकाशा मॅनॉरचा तत्कालीन स्वामी सर विल्यम कोर्टेन याच्यासाठी बनविला गेला. कोर्टेन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीस शह देण्यासाठी पहिल्या चार्ल्स राजाच्या आश्रयाने 1635 मध्येच स्थापन झालेल्या व्यापारी मंडळास त्याचेच नाव लाभले. या मंडळाचा पहिला ताफा कॅप्टन जॉन वेडेल याच्या नेतृत्वाखाली 1636 मध्ये गोव्यास पोहोचला आणि पुढे राजापूर व कारवार येथे मंडळाच्या वखारी निघाल्या. कोकणच्या इतिहासात वखारींच्या संदर्भात येणारे हे नाव एका इंग्लिश खेड्याच्या जमीनमोजणीशीही निगडित आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. स्वतः कोर्टेन 1636 मध्येच मरण पावला.

कोर्ट लीट आणि पंच

लॅक्स्टनची वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साउथ फील्ड ही तीन खुली शेते पाळीपाळीने गहू, वसंतातील पीक आणि पडीक या क्रमाने वापरली जात. पट्ट्यांमध्ये कुंपण नसल्याने प्रत्येक शेतकरी शेजाऱ्याच्या संयमावर अवलंबून असे. नांगराच्या एका तासाने शेजाऱ्याची जमीन आपल्याकडे ओढणे सहज शक्य होते. मराठी शेतकऱ्यास ‘बांध कोरणे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लॅक्स्टनमध्ये तर कोरायला बांधही नव्हता.

या अडचणीवरील उपाय म्हणजे कोर्ट लीट हे मॅनॉरचे न्यायालय. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याने नेमलेले पंच गव्हाच्या शेताची पायी पाहणी करतात, सीमेच्या खुंट्या ठोकतात आणि नांगर कोठे सामायिक गवताळ पट्ट्यात किंवा रस्त्यात शिरला आहे ते नोंदवितात. त्यानंतर सुमारे आठवड्याने गावातील डव्हकोट इन या खानावळीत न्यायालय भरते, दंड ठरतात आणि पुढील वर्षाचे पंच नेमले जातात. दंडाच्या रकमा नाममात्र असतात. शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे हीच खरी शिक्षा. मोकाट जनावरांसाठी येथे कोंडवाडा होता व त्यावर नेमलेला अधिकारी ‘पिंडर’ म्हणून ओळखला जाई.

ऑर्विन दांपत्याने 1938 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथामुळे लॅक्स्टन विद्वानांच्या चर्चेत आले. पट्ट्यांची उत्पत्ती त्यांनी प्रामुख्याने नांगरणीच्या व्यावहारिक गरजेतून सांगितली. जोन थर्स्क यांनी 1964 मध्ये या पद्धतीचे चार घटक वेगळे केले : पट्ट्यांत विभागलेली जमीन, कापणीनंतरची सामायिक चराई, पडीक भूमीवरील सामायिक हक्क, आणि हे सारे ठरविणारी कसणाऱ्यांची सभा. हे चार घटक एकाच वेळी उद्भवले असे मानण्याचे कारण नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. लॅक्स्टनच्या उत्तरकालीन इतिहासात ते एकाच वेळी नष्टही झाले नाहीत. अठराव्या शतकात काही भागाचे एन्क्लोजर झाले, विसाव्या शतकाच्या प्रारंभी असंख्य लहान पट्टे जोडून थोडे मोठे पट्टे केले गेले, सामायिक चराई मागे पडली. सभा मात्र राहिली.

मालकीचा प्रश्न

संपूर्ण एन्क्लोजर का झाले नाही, याचे उत्तर गावकऱ्यांच्या परंपरानिष्ठेत शोधण्याचा मोह टाळावा लागतो. जमीन मॅनव्हर्स व स्कारबरो या दोन सरदार घराण्यांत आणि काही लहान मालकांत विभागलेली होती. त्यांच्यात अदलाबदलीचा मेळ बसत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅनव्हर्स घराण्याचे वर्चस्व पक्के झाले, तोवर 1870 च्या दशकापासूनच्या कृषिमंदीमुळे कुंपणांवर खर्च करण्यात लाभ उरला नव्हता.

विसाव्या शतकात मात्र जतनाचा हेतू स्पष्ट झाला. सहाव्या अर्ल मॅनव्हर्स यांनी 1952 मध्ये हे गाव कृषी मंत्रालयास विकले, ते खुल्या शेतांचे रक्षण व्हावे या अपेक्षेने. 1977 च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ कायद्याने देशातील कोर्ट लीटचे न्यायाधिकार संपुष्टात आणले. त्यातून लॅक्स्टनचे न्यायालय नाव घेऊन वगळण्यात आले. रूढीवर उभ्या असलेल्या या संस्थेचे अस्तित्व त्या वर्षापासून संसदीय अपवादावर अवलंबून आहे. मंत्रालयाने 1981 मध्ये हे गाव क्राउन इस्टेटकडे सोपविले, आणि क्राउन इस्टेटने 2020 मध्ये ते थोर्सबी इस्टेटला, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या मालमत्तेला, विकले. अडुसष्ट वर्षांच्या शासकीय मालकीनंतर मॅनॉर पुन्हा खासगी हाती गेले असून पंचांची शिवारफेरी त्या मालकीखालीच पुढे चालू आहे.