पाण्याने कापण्याच्या विद्येचा इतिहास आणि तिचे नाव

मराठीत ‘धार’ हा एकच शब्द सुरीलाही लागतो आणि पाण्यालाही. विळीची धार बोथट होते, गाईची धार काढली जाते. संस्कृत कोशांत मात्र ह्या दोन ‘धारा’ वेगळ्या मानलेल्या आढळतात. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशात प्रवाह ह्या अर्थाची एक आणि शस्त्राची कड ह्या अर्थाची दुसरी, अशा स्वतंत्र नोंदी आहेत. ‘असिधारा’ व ‘जलधारा’ यांतील उत्तरपदांच्या सारखेपणावर फार भार टाकणे अर्थातच शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि गेल्या सत्तरएक वर्षांत कारखान्यांतून अशी एक धार निर्माण झाली आहे की तिला हे दोन्ही अर्थ अक्षरशः लागू पडतात. ती कशी घडली, आणि ‘पाण्याने कापणे’ हे तिचे प्रचलित नाव कितपत यथार्थ आहे, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

ह्या विद्येचा इतिहास सांगणारे बहुधा रोमन काळापासून आरंभ करतात. स्पेनच्या वायव्य भागात लास मेदुलास येथे रोमनांनी सोन्यासाठी डोंगर पाडले. दूरवरून कालव्यांनी आणलेले पाणी साठवून ते एकदम सोडण्यात येई. प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या ३३व्या खंडात ह्या पद्धतीचे वर्णन केले आहे. पुढचा दाखला कॅलिफोर्नियाचा. तेथे १८५३ मध्ये एडवर्ड मॅटेसन याने कापडी नळीला टोटी बसवून सुवर्णयुक्त दरडींवर पाण्याचा मारा केला. पुढे ह्या टोट्या तोफांएवढ्या झाल्या, डोंगर वाहून गेले, नद्यांची पात्रे गाळाने उथळ झाली आणि खालच्या खोऱ्यांतील शेती बुडाली. अखेर १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली.

ही हकीकत रंजक खरी. परंतु तिला प्रस्तुत विद्येची पूर्वपीठिका म्हणणे मला पटत नाही. लास मेदुलासला काय किंवा कॅलिफोर्नियात काय, काम करीत होते ते पाण्याचे प्रचंड वस्तुमान. ती क्रिया धुण्याची होती, कापण्याची नव्हे. आजचे यंत्र मिनिटाला दोन-चार लिटरच पाणी वापरते. वस्तुमान जवळजवळ नाहीसे करून केवळ वेग शिल्लक ठेवणे, ही कल्पना जुन्या परंपरेतून उगवलेली दिसत नाही.

ती आली जंगलविद्येतून. नॉर्मन फ्रान्झ हे वनअभियंते. जाड ओंडक्यांच्या फळ्या पाडताना करवतीने लाकडाचा जो भुसा होतो, तो टाळता येईल काय, हा त्यांच्यासमोरील प्रश्न. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी पाण्याच्या स्तंभावर जड वजने टाकून ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रातून बाहेर दवडले. क्षणमात्र असामान्य दाब उत्पन्न झाला आणि लाकूड कापले गेले. पण तोच दाब अखंड टिकविणे दुष्कर ठरले. यंत्राचे भाग मिनिटांच्या हिशेबाने निकामी होत. लाकूड कापण्याचे व्यवहारोपयोगी यंत्र फ्रान्झ यांच्या हातून झाले नाही, आणि गंमत अशी की लाकूडधंद्यात ही पद्धत आजही फारशी रुजलेली नाही.

दाब टिकविण्याचे कोडे सुटले ते दोन व्यासांच्या दट्ट्याने. मोठ्या तोंडावर तेलाचा दाब द्यावयाचा. लहान तोंड पाणी रेटते. क्षेत्रफळांचे गुणोत्तर वीसास एक असेल, तर तेलातील दोनशे वातावरणांचा दाब पाण्यात चार हजार वातावरणांचा होतो. शालेय पुस्तके पाणी दाबले जात नाही असे सांगतात. ह्या दाबाला मात्र ते सुमारे बारा टक्क्यांनी आकुंचन पावते. मग ते माणिक, नीलम किंवा हिऱ्यात पाडलेल्या मिलिमीटरच्या दशांश-दोन-दशांशांएवढ्या छिद्रातून सेकंदास साडेआठशे ते नऊशे मीटर वेगाने, म्हणजे हवेतील ध्वनीच्या अडीचपट वेगाने, बाहेर पडते. १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत अमेरिकेत ह्या रीतीने पुठ्ठा कापण्यास सुरुवात झाली. कागद, रबर, फेस-पदार्थ, खाद्यवस्तू येथवर साध्या पाण्याची मजल गेली. धातू आणि दगड मात्र त्याला दाद देईनात.

१९७९ मध्ये मोहम्मद हशीश यांनी फ्लो रिसर्च ह्या अमेरिकन संस्थेत ह्या अडचणीवर काम सुरू केले. पाण्याच्या झोताने निर्माण होणाऱ्या ओढीनेच गार्नेटचे कण आत खेचून घ्यावयाचे, एका कठीण नळीत दोहोंचे मिश्रण करावयाचे आणि मग ते वस्तूवर सोडावयाचे, अशी ती युक्ती. पुढील वर्षीच पोलाद, काच व काँक्रीट ह्या रीतीने कापले गेले. १९८३ च्या सुमारास मोटारींच्या काचांसाठी पद्धत बाजारात आली. गार्नेट आपल्याला परके नाही. तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावरील वाळूत ते विपुल असून तेथून ते अनेक वर्षे परदेशी गेले.

येथे नावाचा प्रश्न उपस्थित होतो. हशीश यांच्या यंत्रात पाणी कापीत नाही. कापते ती वाळू. पाणी केवळ तिला वेग देणारा वाहक. मिलिमीटरभर रुंदीचा छेद घेताना वस्तू तापत नाही, म्हणून टिटॅनियमचा गुण बिघडत नाही आणि विमानांच्या कर्बतंतूंच्या फळ्या करपत नाहीत. पंधरा सेंटिमीटर जाडीचे पोलादही कापता येते, पण वेळ खर्चून. कारण झोताचा खालचा भाग मागे रेंगाळतो, घाई केल्यास तळाशी लाटांसारख्या रेषा उमटतात. आणि जिची मजबुती तिच्या अंतर्गत ताणावर अवलंबून असते, ती पाणी दिलेली काच, छेद देताच फुटून जाते. सर्व काही कापणारे यंत्र असे जे वर्णन केले जाते, त्याला हा अपवाद जोडावयास हवा.

सदोष नाव ग्रंथात राहिले तर हानी थोडी. पण कारखान्यात ‘पाणी’ हा शब्द मनुष्यास निर्धास्त करतो. ह्या झोतापुढे हात आला तर वरवर टाचणीच्या टोकाएवढेच छिद्र दिसते. रक्त थोडे, वेदनाही आरंभी बेताची. आत मात्र पाणी व वाळू स्नायूंच्या पदरांतून दूरवर पसरलेली असते, आणि शस्त्रक्रियेस विलंब झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पाणी लागले एवढे ऐकून पट्टी बांधून घरी पाठविण्याची चूक डॉक्टरांकडूनही होऊ शकते. ह्यासाठी कामगारांनी एक छापील कार्ड जवळ बाळगण्याची प्रथा ह्या धंद्यात पडली आहे. त्यावर झोताचा दाब व वेग दिलेला असतो, आणि असाधारण जंतूंमुळे होणाऱ्या संसर्गाची शक्यता डॉक्टरांनी विचारात घ्यावी, अशी सूचना असते. रोग्याच्या तोंडच्या ‘पाणी’ ह्या शब्दावर डॉक्टरांनी विसंबू नये, यासाठी ते कार्ड आहे.