‘द वायर’ : एका उपेक्षित मालिकेचा इतिहास

ता. २ जून २००२ च्या रविवारीं रात्रीं अमेरिकेंतील एच्. बी. ओ. ह्या केबल टेलिव्हिजन-संस्थेनें ‘द वायर’ नांवाच्या नव्या मालिकेचा पहिला भाग दाखविला. पहिल्याच प्रवेशांत बाल्टिमोर शहराच्या एका रस्त्यावर एक तरुण मरून पडलेला आहे आणि पोलीस अधिकारी त्याच्या एका सोबत्याची विचारपूस करीत आहे. हा तरुण दर आठवड्यास फाशांच्या जुगाराला बसे आणि डावावरचे पैसे उचलून पळून जाई. सोबती त्याला गांठून चोप देत आणि पुढच्या आठवड्यास पुन्हां खेळावयास घेत. असें होतें तर त्याला खेळूं तरी कां दिलें, असें अधिकारी विचारतो. उत्तर असें मिळतें कीं, हा देश अमेरिका आहे, तेव्हां खेळूं देणें भागच होतें! ही हकीकत कल्पित नव्हे. डेव्हिड सायमन ह्यांनीं बाल्टिमोरच्या पोलिसांकडून ऐकून ती आपल्या १९९१ सालच्या पुस्तकांत आधींच नमूद केली होती.

सायमन हे त्या शहरांतील एका दैनिकाचे गुन्हेविषयक बातमीदार. १९८८ हें सबंध वर्ष त्यांनीं खून-तपास शाखेच्या अधिकाऱ्यांबरोबर घालविलें. वरील पुस्तक त्याचेंच फळ. मालिकेंतील त्यांचे सहकारी एड बर्न्स हे त्याच शहराच्या पोलीस खात्यांत वीस वर्षें काढून पुढें शाळामास्तर झालेले. एका बातमीदारानें आणि एका पोलिसानें मिळून गुन्ह्याची कथा रचावी आणि तींत पोलिसांचा जयजयकार मात्र नसावा, हें नवलच होतें.

असें धाडस केबलवरच शक्य होतें. जाहिरातींवर जगणाऱ्या संस्थेला साबणाची जाहिरात लागेपर्यंत प्रेक्षक प्रसन्न ठेवावा लागतो. एच्. बी. ओ. १९७२ पासून चालत आली ती वर्गणीवर. १९९९ सालीं तिनें ‘द सोप्रानोज’ ही एका टोळीनायकाच्या कुटुंबाची मालिका सुरू केली, आणि काळोख्या कथेसाठींहि लोक पैसे मोजतात हें दिसून आलें. सप्टेंबर २००२ मध्यें त्या मालिकेच्या चौथ्या पर्वाचा आरंभ एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनीं पाहिला. ‘द वायर’च्या कपाळीं हें भाग्य नव्हतें. मार्च २००८ मध्यें तिचा साठावा आणि अखेरचा भाग झाला, तेव्हां समोर अकरा लाखांच्या आसपास लोक होते. एमी हें तेथील टेलिव्हिजनचें मानाचें पारितोषिक तिला एकदांहि लाभलें नाहीं.

प्रेक्षकांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. नांवांतील ‘वायर’ म्हणजे टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याची पोलिसी व्यवस्था. पहिल्या पर्वांतील मादक द्रव्यें विकणारी टोळी एकमेकांना पेजरवर आंकडे पाठविते. परंतु ते आंकडे खरे नसतात. टेलिफोनच्या कळांवर मधला पांच ओलांडून पलीकडचा आंकडा घ्यावयाचा, म्हणजे एकाच्या जागीं नऊ, दोनाच्या जागीं आठ. पांच आणि शून्य ह्यांची अदलाबदल. एवढा उलगडा व्हावयास पांचवा भाग उजाडतो. तोंवर गोळीबारापेक्षां कागदपत्रेंच फार. संभाषण ऐकण्यास न्यायालयाची परवानगी हवी, तीहि मुदतीची. त्यांत पात्रें गल्लीची अशी कांहीं बोली बोलतात कीं, कित्येक अमेरिकनांनाहि ती उमगत नसे. मीं स्वतः तीन भाग पाहून ही मालिका सोडून दिली होती, हें कबूल केलें पाहिजे.

जो टिकला त्याला मात्र दिसूं लागतें कीं, टोळी हें केवळ निमित्त आहे. दुसरें पर्व बंदरावरील गोदी-कामगारांचें आहे. १९५० सालीं साडेनऊ लाख वस्तीचें हें शहर २००० सालीं साडेसहा लाखांवर आलें होतें. पोलादाच्या कारखान्यांतील आणि बंदरावरील मजुरी आटत गेली तसतशीं घरेंहि ओस पडलीं. तिसऱ्या पर्वांत शहराचें राजकारण येतें. त्यांत मेल्विन विल्यम्स नांवाचा मनुष्य चर्चच्या एका सेवकाचें काम करतो. हा गृहस्थ पूर्वीं मादक द्रव्यांचा मोठा व्यापारी होता आणि १९८४ सालीं त्याला पकडणाऱ्या पोलिसांत बर्न्सच होते!

परंतु माझ्या मतें मालिकेचें हृदय चौथ्या पर्वांत आहे. तें २००६ सालचें, आणि बर्न्स ह्यांनीं शाळेंत काढलेलीं वर्षें येथें उपयोगी पडलीं. त्यांतील रँडी हा हसतमुख मुलगा शाळेंत गोळ्या-चॉकलेटें विकून दोन पैसे जमवितो. एका खुनाविषयीं त्याला थोडेंसें ठाऊक असतें. शाळेच्या अधिकारी बाईंपुढें तें त्याच्या तोंडून निघतें. गोष्ट पोलिसांपर्यंत जाते, आणि एक पोलीस दुसऱ्याच कोणाची उलटतपासणी करतांना बेफिकिरीनें ह्या मुलाचा सुगावा देऊन बसतो. मग एका रात्रीं त्याला सांभाळणाऱ्या बाईचें घर पेटविलें जातें आणि ती होरपळते. कार्व्हर नांवाचा पोलीस मुलाला स्वतःच्या घरीं नेण्यास तयार होतो. पण त्या अर्जाच्या तपासणीला कित्येक महिने लागावयाचे. मुलगा अनाथगृहांत जातो. आग लावणारे सोडले तर दुष्ट असा ह्यांत कोणीच नाहीं; जो तो आपल्या खात्याचें काम करीत होता. ग्रीक शोकनाटकांत जें देवांचें स्थान, तें येथें पोलीस खातें, शाळा, नगरसभा ह्यांना दिलें आहे, असें सायमन ह्यांनींच सांगितलें आहे. (पांचवें पर्व वर्तमानपत्रांवरचें. त्यांत ग्रंथकाराचा आपल्या जुन्या धंद्यावरील राग कथेहून वरचढ झाला आहे.)

लौकिक आला तो तबकड्यांच्या पेटींतून. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रांतून हप्त्याहप्त्यानें येत, तेव्हां वाचकाला पुढील अंकाची वाट पाहावी लागे. डी. व्ही. डी.च्या पेटीनें ती वाट पाहणेंच संपविलें. समजलें नाहीं तें मागें जाऊन पुन्हां पाहतां येऊं लागलें. एकानें दुसऱ्याला पेटी द्यावी आणि चौथ्या भागापर्यंत धीर धरावयास सांगावें, असा हा प्रसार झाला. २००९ सालीं बी. बी. सी.नें ती ब्रिटनमध्यें रात्रीं उशिरां दाखविली. २०१० सालीं हार्वर्ड विद्यापीठांत समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन ह्यांनीं तिच्या आधारें शहरी दारिद्र्याचा अभ्यासक्रम चालविला.

ह्या चाहत्यांत मोठमोठीं माणसें होतीं. मादक द्रव्यें विकणाऱ्यांनाच लुटणारा ओमार हा दरोडेखोर बराक ओबामांचा आवडता, असें त्यांनींच २००८ सालीं निवडणुकीच्या धामधुमींत सांगितलें. २०११ सालीं त्यांचे न्यायमंत्री एरिक होल्डर ह्यांनीं मालिकेचें आणखी एक पर्व व्हावें अशी थट्टेनें मागणी केली. सायमन ह्यांचें उत्तर थट्टेचें नव्हतें. न्यायखातें मादक द्रव्यांवरील बंदीच्या खटल्यांचा फेरविचार करील, तर आम्हीहि सहाव्या पर्वास सिद्ध आहों, असें त्यांनीं कळविलें. तें पर्व निघालें नाहीं. मार्च २०१५ मध्यें अध्यक्ष ओबामांनीं सायमन ह्यांच्याशीं ह्या विषयावर संवाद केला. पुढच्याच महिन्यांत पश्चिम बाल्टिमोरमध्यें फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यांत झालेल्या दुखापतीनें मरण पावला आणि दंगे पेटले. ज्या पश्चिम विभागांत मालिकेचा मोठा भाग घडतो, तोच हा विभाग.

मालिकेंत ओमारला एका दुकानांत एक लहान मुलगा गोळी घालतो. शहराच्या वर्तमानपत्रांत त्या बातमीला जागा मिळत नाहीं. शवागारांत त्याच्या नांवाची चिठ्ठीहि दुसऱ्याच प्रेताला लागलेली असते. त्याची भूमिका करणारे मायकेल के. विल्यम्स हे ता. ६ सप्टेंबर २०२१ रोजीं न्यूयॉर्कमधील आपल्या घरीं मृतावस्थेंत सांपडले. त्यांचें वय ५४ होतें. मालिका चालू असतां आपण व्यसनाधीन होतों, हें त्यांनीं स्वतःच पूर्वीं सांगितलें होतें. ही बातमी जगभर छापून आली. त्यांच्या शरीरांत हेरॉइन व फेंटानिल सांपडलें आणि पुढल्या फेब्रुवारींत त्या प्रकरणीं चौघांना अटक झाली.