सेल मारणे : एक ऐतिहासिक टिपण

इचलकरंजीला थंडी पडते हे बाहेरच्यांना पटत नाही. आमच्या फियाटला मात्र डिसेंबर लागल्याबरोबर पटतं. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मी बालवाडीत होतो. तिच्या बऱ्याच बहिणी मुंबईत टॅक्सी झाल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आमची राहिली. चालूच होत नाही, तर जाणार कुठं?

एरवी मी सायकलनं बँकेत गेलो असतो. पण त्या जानेवारीच्या सकाळी आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं होतं. दोन वर्षं ते टाळत होते. आदल्या रात्री कसेबसे तयार झाले होते. आज राहिलं तर कायमचं राहिलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सेल मारला. ‘घुर्र... घुर्र... घुक.’

आबा पुढच्या सीटवरून आशेनं म्हणाले, “ऱ्हाऊ दे लेका. गाडीचंबी मन नाही.”

तोवर गल्ली जमली होती. एक म्हणाला चोक ओढा, दुसरा म्हणाला चोक कशाला ओढलात. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोकनं हवा कमी करून पेट्रोलचा वाटा वाढवायचा, हे खरं. पण त्यासाठी आधी इंजीन गरगर फिरायला तर हवं! तिसऱ्यानं बॅटरी गेल्याचं जाहीर केलं. बॅटरी दोन महिन्यांची होती, आणि दिवे लख्ख लागत होते. ढकलावी म्हटलं, तर गल्लीच्या तोंडाशी सुताच्या बीमांचा टेम्पो आडवा.

अशा वेळी माणसाला इतिहास आठवतो. पूर्वी गाड्या हँडल मारून चालू करत. इंजीन उलटा हिसका देई आणि मनगटं मोडत. मग १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा स्टार्टर केला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. जाणकार म्हणत होते, इंजीन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंग म्हणाला, तिला दिवसभर थोडंच फिरायचंय? क्षणभर जोर लावला की काम झालं. ही अक्कल त्याला आली कुठून? त्याआधी त्यानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती! म्हणजे या छळाचं मूळ आमच्याच कॅशच्या धंद्यात आहे.

पण क्षणभराच्या त्या जोराला शंभरावर अँपिअर लागतात. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजीन जड फिरतं, मागणी वाढते. आणि नेमकी तेव्हाच बॅटरी हात आखडते. दिव्यांचं काय, ते दहा रुपये काढणारे खातेदार. खात्यात रक्कम असली, तरी बँकेची खरी परीक्षा लाखाचा चेक आल्यावर होते.

आबा गाडीतून उतरले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. पुढं त्याच खडखडाटात आबांनी चाळीस वर्षं जॉबरकी केली. बॉनेटवर चाचपडत म्हणाले, “हितनं वायर कुठं जातीया, तिथं माझा हात ठेव. आन् मार सेल.”

एकेक जोड ते बोटांनी तपासत गेले. बॅटरीवरचे दोन्ही जोड थंडगार. ते मी दर रविवारी गरम पाण्यानं धुतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात झटकला. “भाजतंय बघ हितं!”

अर्थिंगच्या वायरचं दुसरं टोक. बॉडीला बोल्टनं आवळलेलं, गंजलेलं. मी जन्मात तिकडं पाहिलं नव्हतं. दिव्यांच्या दहा अँपिअरला तो गंज जाणवत नव्हता; स्टार्टरचे शंभर निघाले की तिथंच अडून उष्णता होत होती. ओहमचा पन्नासावा हिस्सा अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला बारापैकी दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बी.कॉम. झालेला, वीस वर्षं खतावण्या जुळवणारा मी! जमेची बाजू दर रविवारी धूत होतो, आणि नावेकडं ढुंकून पाहिलं नव्हतं.

पाना आला, पॉलिश पेपर आला. वायर सोडवली, धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला. चोक ओढून सेल मारला, आणि गाडी एका दमात सुरू झाली.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आबांचा चेहरा मात्र पडला. आपल्याच हातानं आपण ऑपरेशनची वाट मोकळी केली, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

मिरजेहून परत आल्यावर पट्टी निघाली. आबा दारात उभे राहून बराच वेळ गाडीकडं बघत होते. मला वाटलं, आता कौतुक करणार.

“हिचा रंग येवढा उडालाय व्हय रं?” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून नीट निरखत म्हणाले, “आन् तुझे केस कधी पिकले?”