बंदरातला शंख आणि जस्ताची बोटे

न्हावा-शेवाचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्या काळी जगातली असंख्य जहाजे तळाला एक विषारी रंग लावून फिरत. तळाला शेवाळ, कालवे चिकटली की जहाज मंदावते आणि इंधन जास्त जळते. लाकडी जहाजांच्या तळाला त्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकत. १९६०च्या दशकात मात्र ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग रंगात मिसळू लागले.

१९७० साली इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर माद्या-शंखांना नराचे अवयव फुटलेले दिसले. काहींची अंडी बाहेर पडण्याची वाटच बंद होई. त्या पिले न देताच मरत. लिटरभर पाण्यात या रसायनाचा एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भागही त्याला पुरे होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये हीच विकृती आपल्या किनाऱ्यावरही नोंदवली. त्या शंखाचे शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’!

इतक्या थोड्या विषाने एवढा उत्पात कसा होतो? उत्तर पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहक प्रथिनांत आहे. अशा प्रथिनाचे दोन मुख्य भाग. एका भागातल्या खोबणीत संप्रेरकासारखा संदेश बसतो. दुसऱ्या भागाला दोन ‘जस्ताची बोटे’ असतात. जस्ताचा एकेक अणू चार सिस्टीन घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनाला आकार येतो आणि ते डीएनएवरची नेमकी जागा पकडते. ‘जस्ताच्या बोटां’ची कल्पना केंब्रिजच्या ॲरन क्लुग यांच्या गटाने १९८५ मध्ये बेडकाच्या एका प्रथिनावरून मांडली.

२००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की शंखातल्या ‘आरएक्सआर’ या ग्राहकाच्या खोबणीत कथिलाचे हे संयुग जाऊन बसते. खोबणी खरी तर ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूसाठी. ते द्रव्य माद्यांना टोचले, तर त्यांनाही नराचे अवयव फुटले. बोटांचा यात दोष नाही. त्यांनी आपले काम चोख केले. हुकूमच खोटा होता.

अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. पण बंदरांच्या गाळात हे रसायन वर्षानुवर्षे टिकते. शिवाय ‘आरएक्सआर’ माणसाच्या पेशीतही आहे, आणि कथिलाचे संयुग त्यालाही चिकटते. खडकावरच्या शंखाची तक्रार म्हणूनच आपण आपलीही समजून ऐकली पाहिजे.