धर्मादाय आणि लोकहिताची कसोटी

देवकार्यासाठी दिलेले दान हे लोककल्याणाचेच दान होय, अशी श्रद्धावंतांची धारणा असते. न्यायासनापुढे मात्र ते कल्याण कोणाचे व कशा रीतीने होते, हे दाखवावे लागते.

इंग्लंडात या विचाराचे मूळ १६०१ च्या अधिनियमात आहे. पुढे १८९१ मध्ये पेम्सेल खटल्यात धर्मादायाचे चार वर्ग सांगितले गेले: दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्माचा उत्कर्ष व समाजहिताची इतर कार्ये. तथापि कार्य केवळ धार्मिक असणे पुरेसे नव्हे, हे १९४९ मध्ये गिल्मर विरुद्ध कोट्स या खटल्यात स्पष्ट झाले. लंडनमधील कार्मेलाइट संन्यासिनी मठाबाहेर न पडता सर्वांच्या कल्याणार्थ प्रार्थना करीत. त्यांच्या मठासाठी ठेवलेला ५०० पौंडांचा निधी उमराव सभेने धर्मादाय मानला नाही. प्रार्थनेचे फळ पुराव्याने सिद्ध होत नाही आणि त्यांच्या उदाहरणाचा इतरांवरील परिणाम फारच अनिश्चित आहे, असे ठरले. प्रार्थना निष्फळ आहे असे न्यायालय म्हणाले नाही. आपल्या मापाने ती मोजता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

उलट १९६१ मध्ये कॅटफर्ड येथील यहुदी प्रार्थनामंदिर सभासदांपुरतेच असूनही धर्मादाय ठरले. कारण तेथील उपासक समाजात मिसळून राहणारे होते. पुढे २००६ च्या कायद्याने धर्मकार्यात लोकहित गृहीत धरण्याची रीतही संपविली.

भारतात हाच प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. १९५६ मध्ये देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात, सीतापूर जिल्ह्यातील राधाकृष्णाचे ठाकुरद्वार खाजगी की सार्वजनिक, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शबरस्वामी व मेधातिथी यांचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले की, देवतेचे स्वामित्व गौण अर्थाचे असून खरे लाभार्थी उपासकच होत. ते उपासक ठराविक व्यक्ती असतील तर देवस्थान खाजगी. अनिश्चित जनसमुदाय असेल तर सार्वजनिक. येथे मूर्तीची प्रतिष्ठा राहत्या घरात नव्हे, स्वतंत्र इमारतीत झाली होती आणि लोक मोकळेपणाने दर्शनास येत. म्हणून ते सार्वजनिक ठरले.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने मंदिराबरोबर मठाचाही नावानिशी समावेश केला आणि नोंदणी व हिशेबतपासणीचे बंधन घातले. उपासनेचे फळ ईश्वराधीन आहे. परंतु दार कोणासाठी उघडे आहे आणि दानाचा विनियोग कसा झाला, हे दाखविणे विश्वस्तांच्या हाती आहे. कायदा मागतो तो एवढाच पुरावा, आणि भाविकांच्या विश्वासाचेही रक्षण त्यानेच होते.